बाबांचा पाय आणि गाडीचा अ‍ॅव्हरेज

बाबांनी आयुष्यभर पेट्रोल वाचवत गाडी चालवली. उतार दिसला की न्यूट्रल, सिग्नल लागला की गाडी बंद. मी नवी गाडी घेतली आणि तिच्यातलं अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर स्वतःच सांभाळतं, पेट्रोलही वाचवतं, असं सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले की पेट्रोलची काळजी पायाला असते, बटणाला नाही.

पैज त्यांनीच लावली. वर्ध्याला आत्याकडे जायचं होतं. जाताना ते चालवणार, येताना मी, बटण लावून.

धरमपेठेतल्या आमच्या घरून निघालो. बुटीबोरीपर्यंत बाबा शिस्तीत होते. पुढे रस्ता मोकळा झाला आणि कोणी ओव्हरटेक केलं की त्यांचा पाय दाबला जायला लागला. मग ट्रक आडवा आला की ब्रेक. आत्याच्या दारात त्यांनी स्क्रीनवरचा अ‍ॅव्हरेज वाचला आणि समाधानाने मान हलवली.

परतताना हायवेला लागल्यावर मी वेग ठरवून दिला आणि पाय काढून घेतला. बाबा माझ्या पायाकडेच बघत होते. थोड्या वेळाने पुढे कापसाच्या गाठींचा ट्रक आला. गाडीने आपणहून वेग कमी केला आणि अंतर ठेवून त्याच्यामागे निवांत चालू लागली. बाबांना ते सहन होईना.

"काहून मागं मागं राहून राहिली वं ही? काढ ना बाजूनं."

"पैज पेट्रोलची आहे बाबा, वेगाची नाही."

समोरच्या मोकळ्या जागेत एक मोटरसायकल घुसली, मग एक कार. गाडी दर वेळी थोडी मागे सरली. तिच्या वाटचं बाबाच चिडले. मग हळूहळू त्यांनी सीट मागे केली आणि शेतांकडे बघत आत्याच्या लहानपणीच्या खोड्या सांगायला लागले. या रस्त्यावर ते कायम ड्रायव्हर असायचे. खिडकीबाहेर निवांत बघायची त्यांची ही बहुधा पहिलीच वेळ.

शहराची गर्दी लागल्यावर मी बटण बंद केलं. घरी पोचलो तेव्हा अ‍ॅव्हरेज जातानापेक्षा चांगलाच वर गेलेला होता. बाबांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. वारा मागून होता, म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं, तरी मी 'असेल' म्हणाले.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. बाबा तिला सांगत होते, "मस्त आलो. ट्रकच्या मागं मागं, अंतर ठेवून. पेट्रोल तसंच वाचते वं, तुले सांगतो."