भालेरावसरांची मोकळी जागा

आधीच सांगतो, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच असतील, त्याबद्दल माफ करा. नववीत शाळा सुटली. काम मात्र अक्षरांचंच मिळालं. आमच्याकडे वाया गेलेली प्रूफं टेबलाखाली साठत जातात, किस्सेही तसेच साठलेत.

गंगापूर रोडला दोन खोल्यांचा आमचा डिझाइन स्टुडिओ. मालक भालेरावसर, कॉम्प्युटरवर रुबीनाताई आणि मी. सरांनी तरुणपणी कॉलेजच्या लायब्ररीत पन्नास-साठच्या दशकातली परदेशी पोस्टरं पाहिली. सरळ, जाड अक्षरं, दोनच रंग, बाकी कागद मोकळा. तेव्हापासून ते तसंच काम करतात. हल्ली ती फॅशन परत आलीय, म्हणून कॅफेवाले, वायनरीवाले त्यांना शोधत येतात. आणि नेमकी आत्ताच सरांची नजर चाललीय. कडेचं दिसतं, मधलं पुसट होत जातं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सर आम्हा दोघांनाच म्हणाले, "बाहेर बोलू नका. ज्याला दिसत नाही त्याला अक्षरांचं काम कोण देईल?"

*

दिंडोरीच्या एका तात्यांच्या द्राक्षपेटीवर सरांनी एकच हिरवा गोल काढला, खाली नाव, बस. तात्यांनी खोकं फिरवून फिरवून पाहिलं.

"सर, लय भारी हाय. पण गिऱ्हाईक म्हणंल, पेटीत एकच मणी हाय!"

*

एका हार्डवेअरवाल्या शेठच्या बोर्डावर सरांनी अक्षरांची वरची रेघ काढून टाकली. शेठनी हळूच रुबीनाताईंना विचारलं, "अक्षरांनी टोप्या का काढल्या? कोणी वारलं का?"

*

सातपूरला कंपनीत असलेले एक काका मुलीची लग्नपत्रिका करायला आले. अर्धा कागद कोरा बघून म्हणाले, "एवढी जागा सोडलीत सर, आमच्यात नातेवाईक काय कमी आहेत का?" संध्याकाळी मामा-काकांची यादी घेऊन हजर.

सरांनी सगळी नावं बारीक टायपात एका कडेला बसवली. मोकळी जागा वाचली. पण प्रूफ तपासायला त्यांनी माझ्याकडे दिलं. माझ्याकडे! मी प्रत्येक नाव चार वेळा वाचलं.

*

मधलं दिसत नाही म्हणून सर हल्ली मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं बघतात. एक कॅफेवाली मॅडम लोगो पाहायला आली होती. सरांनी मान वाकडी केली. तिला वाटलं, डिझाइन असंच बघायचं असतं. तिनंही केली.

"खरंच सर, असं जास्त छान दिसतं."

सर म्हणाले, "सवय लागते हळूहळू." रुबीनाताई उठून पाणी प्यायला गेल्या.

*

परवाची गोष्ट. वायनरीच्या कार्यक्रमाचं पोस्टर होतं. एकच मोठा शब्द, हंगाम. सरांनी तो आठवडाभर घोळवला. जरा डावीकडे घे, जरा लहान कर, खालची ओळ काढ. शेवटी मी प्रिंट दिली. प्रिंटरमधून आधी एक कोरा कागद सटकला, मागून पोस्टर आलं. मी पोस्टर उचलून बघत होतो, तेवढ्यात सरांनी ट्रेमध्ये राहिलेला कागद घेतला आणि खिडकीशी गेले.

मान वाकडी करून त्यांनी तो कागद खूप वेळ पाहिला. लांब धरला, जवळ धरला. रुबीनाताईंचे हात कीबोर्डवर तसेच थांबले.

"आता जमलं," सर म्हणाले. "आता याला हात लावू नकोस."

मी म्हणालो, "हो सर."

त्यांनी पेन्सिल घेऊन कोपऱ्यात सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तासभर आधी गेलो. सनबोर्डच्या जाड पुठ्ठ्यातून 'हंगाम'ची अक्षरं कापली, पोस्टरवर बरोबर त्याच जागी चिकटवली आणि ते सरांच्या टेबलावर ठेवलं. सर आल्यावर मी त्यांचा हात धरला आणि बोटं पहिल्या अक्षरावर ठेवली.

बोटं हळूहळू पुढे सरकली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"हं आणि गा यांच्यात जागा जास्त झालीय रे."

मी पट्टी लावून पाहिलं. झाली होती. मी गा सोडवला आणि केसभर अलीकडे घेतला.