वरून येणारा वरवंट्याचा आवाज

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं डोकं एका जागी थांबेनासं झालं. साहेबांचा फोन भलत्याच टेबलावर जोडायचे. घरी दूध गॅसवर ठेवून कपडे वाळत घालायला जायचे, आणि कुणी आठवण करून दिली की चिडायचे. धाकटा दोन वर्षांचा झाला तरी हे चालूच होतं. एकदा पातेलं जळून काळंठिक्कर पडलं. सासूबाईंनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि म्हणाल्या, "खाली बाई योग शिकवतत ना? जा थंय. डब्याचा मी बघतंय."

बोरीवलीला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सकाळी तो वर्ग भरायचा. आसनं झाली की बाई ध्यानाला बसवायच्या. सांगायच्या, "मन पळणारच. पळालंय हे कळायला हवं आणि न रागावता त्याला परत आणायला हवं. हाच व्यायाम."

आमचं स्वयंपाकघर बरोबर हॉलच्या वर होतं. मी डोळे मिटले की पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज यायचा. धडधाकट सून इथे मांडी घालून बसलीय आणि म्हातारी वर राबतेय, हे मनातून जायचंच नाही.

फरक मात्र पडला. ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर दोन-तीन दिवे एकदम लागले तरी कुणाला आधी जोडायचं, कुणाला थांबवायचं हे सुचू लागलं. ओठांवर आलेलं तिखट बोलणं गिळता येऊ लागलं.

एक दिवस बाईंना बरं नव्हतं, म्हणून वर्ग लवकर सुटला. घरी आले तर सासूबाई गरम पाण्यात हात बुडवून बसलेल्या. बोटं टरारून सुजली होती. मला बघताच त्यांनी हात पदराखाली घेतले.

"कधीपासून दुखतंय, आई?"

"काय झाला नाय माका."

"उद्यापासून मी वर्गाला जाणार नाही."

त्या एकदम भडकल्या. "गप ऱ्हव! पोरां आता तुका भियत नाय, ता बघितलंस? आधी तुझी चाहूल लागली की धाकटो माझ्या पाठी लपायचो."

आपण नुसत्या विसराळू आहोत, असंच मी धरून चालले होते.

संध्याकाळी नवऱ्याला आईंच्या हातांचं, रोज खाली ऐकू येणाऱ्या वरवंट्याचं, सगळं सांगितलं. "मला आधी का नाही बोललीस?" तो म्हणाला. आईचे हात त्यानेही पाहिले नव्हते. त्यांना डॉक्टरकडे नेलं, सूज हळूहळू उतरली. सकाळची कणीक नवरा मळू लागला, वाटण मी आदल्या दिवशीच करून ठेवू लागले.

वर्ग मी सोडला नाही. आता वरून आवाज येत नव्हता, पण डोळे मिटले की मन धाकट्याकडे जायचं. तो लपायचा थांबला होता. स्वतःहून माझ्या मांडीवर येऊन बसायला मात्र त्याने बराच काळ घेतला.