गाठींची गोधडी

काजवालीबद्दल आमच्या जिन्यावर एक मत ठरून गेले होते. बाई कामसू, पण ती बाहेरच्या कामात. घरच्या कामात अंगचोर. पुरावा म्हणून तिची गोधडी दाखवली जाई. गच्चीच्या कठड्यावर ती उन्हात टाकलेली असली, की येणाराजाणारा थबकून पाही. गोधडीला ओळीने धावदोरा हवा, टाक्याला टाका लागलेला. हिच्या गोधडीला टाकाच नव्हता. वीतभर अंतरावर लोकरीची एकेक गाठ, गाठीला दोन शेंड्या, की संपले. “लोकांच्या कोटांना दिवसभर काजं करते, आणि स्वतःच्या पांघरुणाला टाका जड होतो,” असे तळमजल्यावरच्या बाई म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे म्हणणे असे, की ही गोधडी नव्हेच, हे दमलेले गाठोडे आहे. काजवालीच्या कानावर हे जाई. ती बादली दुसऱ्या हातात घेई आणि जिना चढू लागे.

कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात ती सव्वीस वर्षे काज-बटणाचे काम करीत होती. डाव्या हाताच्या तर्जनीचे टोक सुईने इतके खरखरीत झाले होते, की रेशमी अस्तर तिला उजव्या हातानेच हाताळावे लागे. नवरा गेल्यावर ती दीड खोलीत नणंदेकडे राहायला आली. नणंद वयाने मोठी, शाळेच्या कचेरीत कारकून, स्वभावाने प्रेमळ आणि घाईची. सामान वर चढवताना मोठे कपाट काही जिन्याच्या वळणावरून वळेना. चार माणसांनी घाम गाळला, शेवटी कपाट खालच्या खाली देऊन टाकावे लागले. त्यातले कपडे काजवालीने उराशी धरून वर आणले. ते तिच्या मुलीचे होते.

मुलीने पहिल्या पगारातून एक निळा कोट घेतला होता. तो घोट्यापर्यंत येई, खांद्यावरून उतरे. काजवालीच्या सरावलेल्या डोळ्यांना ते बघवेना. मुलगी कामावर गेलेली असताना तिने एका दुपारी तो उसवला, चार बोटे आखूड केला, कंबरेत घेतला, उरलेले कापड कापून टाकले. काम सुबक झाले होते. संध्याकाळी तिने कोट खुंटीला लावला आणि मुलीच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मुलीने कोट हातात घेतला. “मला तो लांबच हवा होता,” एवढेच ती म्हणाली. आरडाओरडा झाला असता तर कदाचित निभावले असते. दोन महिन्यांनी तिने दुसऱ्या शहरात काम धरले. जाताना, बाकीचे कपडे नंतर नेते, असे सांगून गेली. पुढे वर्षातून एकदा फोन येई. बरी आहेस ना, बरी आहे. तू बरी ना, बरी. मग घरात कोणी बोलवत असल्यासारखा तो बंद होई.

नव्या खोलीची भिंत ओलसर होती. पेटीत ठेवलेल्या कपड्यांना पहिल्याच वर्षी बुरशीचा वास लागला, तेव्हा काजवालीने गोधडीचा मार्ग काढला. दोन जुन्या चादरींच्या मध्ये तिने ते कपडे अख्खेच्या अख्खे घातले. एकेकाची चौकोनी घडी, घडीशेजारी घडी, मध्ये बोटभर फट. गाठ मारायची ती नेमकी त्या फटीत. वरून बोटाने चाचपायचे, फट लागली की सुई खाली, सुई वर, लोकर ताणून दुहेरी गाठ. धावदोरा घातला असता तर तो कपड्यांतून गेला असता. गाठींनी मात्र एकाही कपड्याला सुई लागली नव्हती. दर उन्हाळ्यात नणंद आठ दिवस आपल्या मुलाकडे जाई. तेवढ्यात काजवाली गाठी कापी, कपडे उन्हात टाकी, नव्या घड्या घाली आणि पुन्हा बांधी. आत कारखान्यातल्या चिंध्या आहेत, असे नणंद समजे. बाकी वर्षभर काजवाली ती गोधडी पांघरून झोपे. एकेका घडीवर हात ठेवून, कुठे पिवळा झगा आणि कुठे शाळेचा स्वेटर, हे तिला न पाहता सांगता आले असते. सांगायला कोणी नव्हते.

यंदा तिच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. ती दोन दिवस दवाखान्यात असताना नणंदेच्या मनात आले, की बिचारी परत येईल तेव्हा तिचे हे ओबडधोबड पांघरूण नीट झालेले असावे. तिने गोधडी गादीवाल्याकडे मशीनवर टाके घालायला दिली. तिसरी ओळ चालू असताना गादीवाल्याची दुसरी सुई तुटली. तो गोधडी खांद्यावर टाकून स्वतःच वर आला. काजवाली नुकतीच घरी पोचली होती, डोळ्यावर पट्टी होती. “ताई, चिंध्या म्हणालात,” तो नणंदेला म्हणाला, “आत तर बटणांचं दुकान आहे.”

काजवालीने हात पुढे करून गोधडी घेतली आणि तर्जनीने ओळ चाचपली. तिचा चेहरा उतरला. नणंदेने काय झाले म्हणून तीनतीनदा विचारले, तेव्हा तिने सगळे सांगितले, कोटासकट. रागावली मात्र नाही. नणंदेचे हे प्रेम तिला नको इतके ओळखीचे होते.

डॉक्टरांनी खाली वाकायला मनाई केली होती. म्हणून तिने गोधडी दोरीवर डोळ्यांच्या उंचीवर टांगली आणि उभ्याने, एका डोळ्याने, ती मशीनची शिवण एकेक टाका उचलून उसवायला घेतली. तीन ओळींना नऊ दिवस लागले. मग कपडे बाहेर काढले. स्वेटरचा धागा तुटला होता. पिवळ्या झग्यावर छातीपासून घेरापर्यंत सुईच्या भोकांची रांग होती. कापड ओले करून ती भोकांवर नखाने आडवेउभे घासू लागली. काही भोके मिटली, बरीचशी मिटली नाहीत.

नणंद इतके दिवस अपराधी चेहऱ्याने वावरत होती. त्या दुपारी तिला राहवेना. ती कात्री घेऊन शेजारी बसली.

“अगं, माझं चुकलं, शंभरदा चुकलं. पण आता भोकं पडलीच आहेत. अकरा वर्षं झाली, ती तिशीची झाली असेल. यातलं एक तरी तिच्या अंगाला होणार आहे का? चांगले चौकोन कापू, आपण दोघी मिळून नीट शिवू. यायची असती, तर एव्हाना आली नसती?”

काजवालीने झग्यावरचा हात काढला नाही.

“नसेल यायची. कपडे तिचे आहेत. कापायचे की जाळायचे, ते ती सांगेल. कात्री खाली ठेवा, ताई, आणि मला लोकर ओवून द्या. एका डोळ्याने ओवता येत नाही.”