तिसऱ्या मजल्यावरची खाण

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली चपला साठतात ना, तसे ते साठतात. कुणाच्या, कधीच्या, पत्ता नसतो. फेकायला गेलं की कुणीतरी म्हणतं, राहू दे रे, चांगली आहे अजून. आमच्या बोरिवलीच्या गेटजवळच्या बाकावर सध्या सगळ्यात मोठा ढीग सावंताच्या किश्श्यांचा आहे, आणि तो सगळा ग्राफिक्स कार्डांचा.

बाकावर आम्ही तिघं. सावंत, मूळचा मालवणकडचा, गोदीतल्या नोकरीतून रिटायर. कुलकर्णी सर, जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि अजून थांबलेले नाहीत. आणि मी. सातवीत मी इतका मुक्काम केला की शिपाईसुद्धा मला विचारून घंटा द्यायचा.

*

सावंताचा मुलगा प्रसाद अंधेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. एक दिवस त्याने घरी जाहीर केलं की मागच्या खोलीत एक मशीन लावायचं. त्यात कॉम्प्युटरवर गेम पळवणारी ग्राफिक्स कार्डं बसवायची. ती कार्डं दिवसरात गणितं सोडवणार आणि त्याबद्दल इंटरनेटवरचे कॉइन मिळणार. याला म्हणतात मायनिंग. म्हणजे खाणकाम.

सावंतवहिनींना त्या दिवसांत एकच गोष्ट हवी होती. एसी. बेडरूममध्ये, बारका का होईना. दर उन्हाळ्यात घामोळ्यांनी बाई हैराण व्हायची आणि दर उन्हाळ्यात सावंताचं उत्तर ठरलेलं, "माणसाला पंखा पुरतो." आता त्याला नवं उत्तर मिळालं, "मशीनचा जम बसू दे, मग बघू."

मला हे कळलं त्या संध्याकाळी मी लिफ्टमध्ये सेक्रेटरीच्या कानात हळूच सोडलं, तिसऱ्या मजल्यावर सावंताकडे खाणकाम सुरू होतंय, तुमची परवानगी घेतली का? तासाभरात सेक्रेटरी सावंताच्या मागच्या खोलीत पायाच्या अंगठ्याने फरशी दाबत फिरत होता. सावंत म्हणाला, अहो, आम्ही इंटरनेटवर खणणार आहोत. सेक्रेटरीने जरा विचार केला.

"ठीक आहे," म्हणाला, "पण पाण्याची पाइपलाइन सांभाळून खणा."

*

मग कार्डं निवडायची वेळ आली. नवी मिळत नव्हती, म्हणून घाटकोपरचा एक जुनी कार्डं विकणारा गाठला. प्रसादला सुट्टी नव्हती. फोनवर त्याने बापाला समजावलं, बाबा, सगळ्यात फास्ट कार्ड घेऊ नका. जे काम जास्त करतं, वीज कमी खातं आणि गरम होऊन बोंबलत नाही, ते घ्या.

फोन स्पीकरवर होता. वहिनी आतून म्हणाल्या, "असलो नवरो माका कोणी शोधून दिल्यान नाय."

घाटकोपरला आम्ही तिघं गेलो. सावंताला आयुष्यात एकच खरेदी येते, ती म्हणजे मासळी. त्याने कार्ड उचललं, उलटं केलं, खालच्या जाळीत बोट घालून कल्ले बघावेत तसं आत बघितलं, मग नाकाला लावलं. दुकानदार म्हणाला, "अंकल, ये इलेक्ट्रॉनिक है."

"मालूम है," सावंत म्हणाला. "ताजा है क्या?"

आता गंमत बघा, जुन्या कार्डाच्या बाजारात खरोखरच हा प्रश्न विचारतात, फक्त वेगळ्या शब्दांत. कार्ड आधी गेम खेळायला वापरलं की मायनिंगला? गेमवालं म्हणजे घरंदाज. मायनिंगवालं म्हणजे राबून राबून पिचलेलं, त्याला भाव कमी. दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत होता, सगळी गेमिंगची आहेत. सगळ्यांवर सारखीच धूळ होती.

कुलकर्णी सरांनी हे कार्ड किती वीज खाईल, किती कॉइन काढेल असं गणित मांडायला घेतलं. उत्तर निघेपर्यंत कॉइनचा भाव बदलला. सरांनी पुन्हा मांडलं. पुन्हा बदलला. शेवटी सावंताने हातात तोलून जी जड लागली ती घेतली. येताना सर रिक्षातही आकडे खोडत होते. गणिताने त्यांना असं तोंडावर कधी पाडलं नव्हतं.

*

मशीन म्हणजे एक उघडा सांगाडा, त्यात कार्डं ओळीने टांगलेली, प्रत्येकाला बारके पंखे. ते सुरू झालं आणि महिन्याभरात प्रसादची बदली झाली बंगलोरला. खाण बापाच्या गळ्यात.

दसऱ्याला सावंताने हत्यारांची पूजा मांडली. गोदीतला जुना पाना, वहिनींची विळी आणि मशीन. हळदकुंकू लावायला मी सुचवलं, ते सरांनी अडवलं. हार घालायलाही मीच सुचवलं होतं, ते मात्र अडवायचं राहिलं. झेंडूचा हार पंख्यात गेला आणि बाहेर आला तो पाकळी पाकळी होऊन, सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. सर डोळे मिटून उभे होते. त्यांना वाटलं, मशीन प्रसन्न झालं.

*

जम बसला म्हणावा तर खोली भट्टीसारखी तापायला लागली. मार्चमध्ये वहिनींनी मशीनच्या मागे दोरी बांधून साडीवर पापड वाळत घातले. गच्चीपेक्षा लवकर वाळले. एसीचं काय, असं त्यांनी पुन्हा विचारलं, कारण भिंतीपलीकडेच त्यांची बेडरूम, आणि आता भिंतही गरम लागत होती. सावंत म्हणाला, बघू.

एप्रिलमध्ये प्रसादचा फोन आला. बाबा, कार्डं तापतायत, अशाने मरतील, काहीतरी करा.

दुसऱ्या दिवशी एसी आला.

वहिनींनी बेडरूममधलं कपाट सरकवून जागा केली होती, भिंत पुसून ठेवली होती. मेकॅनिक एसी घेऊन बेडरूमवरून सरळ पुढे गेला, मागच्या खोलीत. सावंत त्याच्या मागोमाग, स्टूल घेऊन. वहिनी हातात फडकं घेऊन दारात उभ्या. मी तिथेच होतो. मला काहीतरी चावट बोलायचं होतं, पण त्यांच्याकडे बघून मी आपला चहा पिऊन निघालो.

वहिनींनी फडकं दोरीवर वाळत घातलं. रात्री जेवायला वाढलं, भांडी आवरली. सकाळी सावंत उठला तर शेजारी गादी नाही. गादी मागच्या खोलीत, मशीनच्या पायथ्याशी, आणि वहिनी शाल पांघरून गाढ झोपलेल्या.

सावंताने विचारलं, अगं, पंख्यांच्या एवढ्या आवाजात झोप कशी लागली?

"तुमच्या घोरण्यापेक्षा बरो," वहिनी म्हणाल्या, आणि कूस बदलली.

*

त्या उन्हाळ्यात वहिनींचा सगळा संसार त्या खोलीत गेला. भाजी तिथे निवडायची, मोबाइल तिथे बघायचा, दुपारचं भजनी मंडळसुद्धा तिथेच. मी पुठ्ठ्यावर 'महाबळेश्वर' लिहून दाराला चिकटवलं, तर वहिनींनी खाली 'चपला बाहेर काढा' असं वाढवलं. घामोळी गेली. बाई गाणी गुणगुणायला लागली. सावंत बाकावर येऊन कपाळ पुसत सांगायचा, माझ्या घरात मी एकटाच गरम आहे. मी म्हटलं, तूही जा ना आत. म्हणाला, गेलो होतो, पाय पुसायला लावले.

*

आणि मग पावसाळा संपता संपता प्रसादने कळवलं की खेळ संपला. तो कॉइन आता ग्राफिक्स कार्डांनी काढताच येणार नाही, कॉइनवाल्यांनी पद्धतच बदलली. कार्डं विकून टाका.

सावंताने तिथल्या तिथे निकाल दिला. कार्डं जाणार, आणि कार्डं गेली की एसीपण जाणार. "मशीनसाठी आणला होता. माणसाला पंखा पुरतो." ऑक्टोबरचं ऊन नुकतं चढायला लागलं होतं. वहिनी ऐकून आत गेल्या.

पहिलं गिऱ्हाईक मुलुंडवरून आलं. त्याने कार्ड उलटंपालटं करून तोच बाजारातला प्रश्न विचारला, गेमिंगचं की मायनिंगचं? सावंत तोंड उघडणार एवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "लय कष्टाळू हा. रात नाय, दिवस नाय. वर्षभर एक मिन्ट बसूक नाय."

गिऱ्हाईकाने चहा पूर्ण प्यायला, एवढी सभ्यता दाखवली, आणि गेलं.

सावंत माझ्याकडे आला. म्हणाला, बायको भोळी आहे रे माझी, तिला बाजार कळत नाही. मी त्याला तालीम दिली. आता कुणी विचारलं तर सांगायचं, नातू गेम खेळायचा, तेही फक्त रविवारी. सावंताने ते पाढ्यासारखं घोकलं. कुलकर्णी सरांनी उजळणी घेतली.

दुसरा आला दहिसरचा, पाकिटात पैसे घेऊनच. कार्डं त्याला पसंत पडली. मागच्या खोलीच्या दारात उभा राहून त्याने विचारलं, काका, मायनिंगला नाही ना वापरली? सावंताने माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि न चुकता म्हटलं, "नाही हो. नातू गेम खेळायचा. रविवारी फक्त."

वहिनी आत गादीवर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली.

"नातू? खंयचो नातू? आधी प्रसादाचा लगीन तरी होउंदे."

माणसाने पाकीट खिशात ठेवलं. सावंत आधी त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग बायकोकडे.

वहिनींनी पुढची शेंग उचलली.

"दार लावा बगू," म्हणाल्या. "गार हवा भायर जाता."