मामांचा काळा लांडगा

अख्ख्या निजामी मुलखात आमच्या बोरीच्या मामांना स्वस्थ बसलेलं पाहिलेला माणूस सापडायचा नाही. भाकरी उभ्यानं खायची, पाहुण्यांशी ओसरीवर येरझाऱ्या घालत बोलायचं, आणि वाटेत जनावर दिसलं की मालकाला न विचारता त्याचे केस फिसकारून मुळाशी रंग कोणता ते बघायचं. माझ्या थोरल्या भावासाठी मुलगी बघायला गेले, ते थेट गोठ्यात शिरले. "मुलगी कशी वाटली?" विचारलं, तर म्हणाले, "म्हैस मुळापासून काळी हाय. द्या होकार!" अशी आमची वहिनी घरात आली.

या खुळाच्या मुळाशी एक लांडगा होता. माळावर मामांना एकदा अंगभर काळा लांडगा दिसला आणि गावात कोणालाच ते पटेना. चावडीवरचा जमादार हसायचा, "काला भेडिया? मामू, ख्वाब देखे क्या?" मामी म्हणायची, "करपलेली भाकर दिसली असंल." मामा तडकायचे. "मी काय खोटं बोलायलोय का? काळवीट ल्हानपणी पिवळंच असतंय, मंग काळं होतंय का न्हाई? लांडग्यानंच काय घोडं मारलंय?" आपला शब्द खोटा ठरला, ही बोच त्यांना बसू देत नव्हती. रोज माळावर चक्कर ठरलेली.

शेवटी एका संध्याकाळी काळं घोंगडं पांघरून ते मेंढरांच्या कळपाजवळ दबा धरून बसले. पण बसवतंय कुणाला! घोंगड्यासकट रांगत ते झुडपाझुडपांतून फिरू लागले. धनगरांची कुत्री अंगावर धावली, घोंगडं फाडलं, मामा ओढ्यातून पळाले, आणि इकडे धनगर गावात ओरडत आले, "काळा लांडगा! लय मोठा! मामा खरंच सांगत व्हते!"

चावडी भरली. जमादारानं उठून स्वतःची जागा दिली, "बैठो मामू, बैठो." मामांनी फक्त गप्प राहायचं होतं, जन्माचा डाग धुऊन निघत होता. पण त्यांनी फाटकं घोंगडं सगळ्यांसमोर टाकलं. "त्यो लांडगा न्हवता. मी व्हतो. माजा लांडगा येगळा हाय." चावडी हसून लोळली, आणि मामा दिलेल्या जागेवर न बसताच माळाकडे निघून गेले.

आता मामा नाहीत. माळावर नांगर फिरले, लांडगा कुठल्याच रंगाचा दिसत नाही. तरी आगगाडीनं पिंगळी स्टेशन सोडून माळ लागला की मी खिडकीशी उभा राहतो, मला बसवत नाही. "मामा, दिसला हो!" एवढं ते असताना एकदा तरी त्यांना खरंखुरं सांगायचं फार मनात होतं.