नऊ ठिपके

जेवण झालंय. खुर्ची मागे झुकवलीय. स्क्रीनवर दोन गॅलेक्सी एकमेकींच्या झिंज्या धरून बसल्यात. आमच्या खगोलशास्त्राच्या खात्यात याला मीलन म्हणतात. मी म्हणतो, नळावरचं भांडण. पापण्या जड होतात, तोच मागून आवाज येतो, "बांगड्या काढू का रे, दिगू?"

बोडस मॅडम. त्यांना जाऊन महिना झालाय.

खोली आता दवाखान्याची आहे आणि एक्स-रे काढणारा मी. मॅडम थंड प्लेटला छाती टेकवून उभ्या.

"खांदे पुढे. श्वास रोखा, मॅडम."

"आता तेवढंच जमतं, गाढवा."

मी फिदीफिदी हसतो. बावीस वर्षं हेच चाललंय. दुर्बिणीच्या फायली त्यांना लावून द्यायच्या आणि मधेमधे खोड्या काढायच्या.

फिल्म उजेडाला धरतो. फासळ्या नाहीत, त्याच दोन गॅलेक्सी. एकीच्या पोटात कृष्णविवर, भोवतालचा वायू गिळताना झगझगणारं. दुसरीच्या पोटात नुसती धूळ. धुळीतून एक्स-रे तेवढा बाहेर येतो, म्हणून मॅडम सहा वर्षं त्यातच दुसरं कृष्णविवर शोधत होत्या. एक्स-रेचा एक कण आला की फोटोत एक ठिपका.

"दिसतंय दुसरं?"

"दिसतंय की. नऊ ठिपके."

"आले कुठून?"

आम्ही खात्याच्या जिन्यावर. मॅडमच्या हातात पेढ्यांचा पुडा. एक एप्रिल. सकाळी फायलीत नऊ ठिपके मीच घुसवलेत, संध्याकाळी "फसलात!" म्हणून ओरडणार आहे. पण दुपारीच त्या पेढे वाटत सुटतात, शिपायालाही स्वतःच्या हाताने भरवतात. म्हटलं, उद्या सांगू. पहाटे त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला.

"मॅडम, तुम्ही खुशीत गेलात ना? मग राहू द्या की."

"मी गेले रे. मुक्ता आहे ना मागे." मुक्ता त्यांची विद्यार्थिनी. "आज पाचला पेपर छापायला पाठवतेय, वर माझं नाव घालून. लोक पुन्हा फोटो काढतील. तिथे काहीच नसेल. मग ती खोटारडी, आणि मीही."

"माझी नोकरी जाईल हो."

"जाईल."

त्या पुडा उघडतात. आत राखाडी धूळ. "घे. तुझ्यामुळेच वाटले होते."

मी मूठभर तोंडात टाकतो. घसा बंद होतो. जिन्याला खालची पायरीच नाही.

खोकत जागा होतो. तीनला दहा कमी. हातातला मोबाइल गरम लागतोय. मुक्ताला मेसेज गेलाय, माझ्याच अंगठ्याने, झोपेतच: "ते नउ ठीपके मी घातलेत. मुळ फाइल माझ्याकडे आहे." निळ्या खुणा उमटल्यात.

तिचं उत्तर येतं. "काका, तुमची नेहमीची गंमत ना?"

वाट केवढी मोकळी करून दिलीय पोरीने. मी "हो गं" लिहितो. खोडतो.

"नाही," लिहितो. हे मात्र जागेपणी पाठवतो.