खरखर तशीच राहू द्या

सव्वासहाला मुश्ताकभाई खाली उभे नाहीत, असं सहा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. शारजाहून दुबईतल्या देऱ्याला आठपर्यंत पोचायचं तर सव्वासहाला गाडी हलावीच लागते. माझं ऑफिस आणि त्यांचं दुकान एकाच गल्लीत, त्यामुळे ते माझ्या गाडीतून यायचे. मी खाली उतरायच्या आधीच हातात डबा आणि खिशात पेन ड्राइव्ह घेऊन हजर असायचे. त्या मंगळवारी मी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्यांच्या रूममधल्या माणसाने उचलला. पहाटे नमाजाला उठले, वुजूसाठी हातपाय धुऊन आले, खुर्चीत बसले ते बसलेच... मग तो म्हणाला, "मॅडम, आप निकल जाओ, आपको लेट होगा." मी गाडी बंद केली आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर पर्स ठेवून तशीच बसून राहिले.

याला आता सात आठवडे झाले. दफन शारजातच झालं. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून हा माणूस विशीत इथे आला आणि चाळीस वर्षं देऱ्यातल्या एकाच दुकानात बसून आधी टेपरेकॉर्डर, मग टीव्ही आणि शेवटी नाक मुरडत मोबाइल दुरुस्त करत राहिला. "यात दुरुस्त करायला काय असतं वहिनी? जुना पार्ट काढा, नवा घाला, खलास," असं म्हणायचे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला वहिनीच म्हणायचे, कारण आमच्या विलासला त्यांनी भाऊ मानलं होतं.

त्यांचा जीव अडकला होता तो नोरा मॅडमच्या कॅसेटींत. नोरा मॅडम म्हणजे दुबईतल्या एका शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या आयरिश बाई. त्या शाळकरी वयाच्या असताना त्यांच्या देशात चोरटी रेडिओ स्टेशनं असायची. परवाना नाही की काही नाही, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या केशकर्तनालयाच्या वरच्या खोलीत यंत्र लावायचं आणि गाणी वाजवायची. सरकारी माणसं येऊन यंत्र उचलून न्यायची, आठवड्याने तोच निवेदक दुसऱ्या माळ्यावरून बोलू लागायचा. नोराने हे सगळं घरच्या रेडिओवरून उतरवून घेतलं होतं आणि नोकरीसाठी इथे येताना एकशे बारा कॅसेटी बरोबर आणल्या होत्या. परत जाताना त्यांनी खोके आणि आपला कॅसेट डेक मुश्ताकभाईंच्या स्वाधीन केला. संगणकावर चढवा, खरखर काढून टाका, फक्त गाणी आणि निवेदन ठेवा, घाई नाही, सगळं झालं की एकदमच पाठवा, असं सांगितलं.

सहा जणांच्या रूममध्ये हे काम कसं होणार? म्हणून डेक आमच्या स्वयंपाकघराशेजारच्या सामानाच्या खोलीत आला. दर रविवारी सकाळी मुश्ताकभाई यायचे, माइकवर "कॅसेट नंबर अमुक, बाजू ए" असं बोलायचे, मग टेप सोडायचे आणि वहीत मराठीत नोंदी करायचे. त्या उच्चारातलं निम्मं त्यांच्या डोक्यावरून जायचं, तरी नोंद चोख. "तीन मिनिटे : माणूस हसतो. चौदा : कोणाचा तरी कुत्रा हरवला आहे. एकवीस : दार वाजले, रेडिओ बंद." आठवडाभर ते सगळं आम्ही गाडीत ऐकायचो. पुढे-मागे शारजाचा ट्रॅफिक ठप्प, आणि आमच्या गाडीत एक आयरिश माणूस सांगतोय, की पुलाजवळ रस्त्यावर गायी आल्यात, जरा जपून. शाळेत सोडायला बरोबर घेतलेली माझी मुलगी मागून म्हणायची, "आई, हू इव्हन लिसन्स टू धिस?" मुश्ताकभाई तिला म्हणायचे, "आपण तिघं."

एकदा मी शहाणपणा केला. त्यांना संगणक फारसा यायचा नाही, म्हणून एका शनिवारी बसून मी पहिल्या अकरा कॅसेटींची खरखर एका प्रोग्रॅमने साफ करून टाकली आणि कौतुकाच्या अपेक्षेने त्यांना ऐकवली. ते ऐकत गेले आणि एकदम म्हणाले, "ती बाई कुठे गेली?" मला कळेना. त्यांनी मूळ कॅसेट लावली. गाणं चालू आहे, आणि त्याच्या मागे, दूर, जिन्याखालून एक बाई हाक मारते आहे... नोरा, चहा झालाय, खाली ये. नोरा रेडिओसमोर साधा माइक धरून रेकॉर्ड करायची, त्यामुळे तिचं घरही कॅसेटीत उतरलं होतं. भांडी, दार, पाऊस आणि आई. आणि माझ्या प्रोग्रॅमने त्या आईला खरखरीबरोबर पुसून टाकलं होतं.

मुश्ताकभाई माझ्यावर चिडले ते तेव्हाच, आणि तेही आवाज न चढवता. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईला लिहिता येत नव्हतं. गावाकडून कोणी येणारा असला की ती कॅसेटवर बोलून पाठवायची. जेवतोस का, खोकला गेला का, आंब्याला मोहोर आलाय. खोलीतली सगळी मुलं भोवती बसून ऐकायची. तोच माणूस परत जाणार असायचा, म्हणून तीन-चारदा ऐकून झालं की त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरायचं आणि परत पाठवायचं. सगळे असंच करायचे.

"आई गेली तेव्हा मी गावी गेलो," ते म्हणाले. "कपाटात ती कॅसेट होती. लावली. दोन्ही बाजूंना मीच बोलत होतो."

मग खाली बघत म्हणाले, "वहिनी, खरखर काढायची नाही. काहीच काढायचं नाही." त्या अकराही कॅसेटी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून चढवल्या.

ते गेले तेव्हा एकाहत्तर झाल्या होत्या. मी नोरा मॅडमना कळवलं. त्यांचं फार मायेचं उत्तर आलं आणि शेवटी लिहिलं होतं, की तुम्ही आता त्रास घेऊ नका, भाच्याने इथे एक कंपनी शोधली आहे, ते महिन्याभरात सगळं स्वच्छ करून देतील, फक्त गाणी ठेवून. खोके पाठवून द्या. विलासही म्हणाला, त्यांची वस्तू आहे, देऊन टाक. खरं होतं त्याचं. पण मला ती "स्वच्छ" कंपनी डोळ्यांसमोर दिसायला लागली आणि मी हट्टाला पेटले. मुश्ताकभाईंची वही काढली, आईच्या हाकेची पहिली नोंद शोधली, तेवढाच तुकडा नोरा मॅडमना पाठवला आणि लिहिलं, आधी हे ऐका, मग सांगा.

चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी फोन आला. त्यांनी विचारलं, अशा किती जागा आहेत? मी म्हटलं, वहीत आतापर्यंत सव्वीस आहेत, आणि एक्केचाळीस कॅसेटी अजून ऐकायच्या आहेत. त्या म्हणाल्या, खोके तिथेच राहू द्या.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी त्या खोलीत बसते. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं, पण नोंदी करते, त्यांच्यासारख्याच. सुरुवात करण्याआधी त्यांनी केलेली शेवटची फाइल ऐकली, हात बसावा म्हणून. "कॅसेट नंबर एकाहत्तर, बाजू बी," असं ते म्हणतात, जरा खोकतात, आणि टेप सुरू होण्याआधी मागून, स्वयंपाकघरातून, माझा आवाज येतो : मुश्ताकभाई, चहा झालाय, या.

"आलो, वहिनी," ते म्हणतात. माइक बंद करायचा राहून गेला होता. मी वही उघडली. एकाहत्तर नंबरच्या बाजू बीपुढे, त्यांच्या तिरक्या अक्षरात पहिलीच नोंद होती : "सुरुवातीला वहिनींची हाक. ठेवली आहे."

मी चहा ठेवून आले आणि बहात्तर नंबरची कॅसेट डेकमध्ये घातली.